स्पेनच्या आडनावांचा नकाशा: एका मोफत सेवेचे परीक्षण

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने आपल्या संकेतस्थळावर आडनावे शोधण्याची मोफत सोय ठेवली आहे. तिची पारख मी ‘एचेव्हेरिया’ या बास्क (उत्तर स्पेनमधील एका भाषिक समाजाच्या) आडनावावर केली. ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, तशी बास्क प्रदेशात माणसाची ओळख त्याच्या घरावरून ठरत असे. आणि नवे घर कोणत्याही खेड्यात केव्हा ना केव्हा उभे राहणारच, त्यामुळे हे आडनाव एकाच मूळपुरुषापासून न पसरता अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले. या नावाच्या सर्व कुटुंबांसाठी एकच कुलचिन्ह छापून विकणाऱ्या दुकानांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

स्पेनमध्ये प्रत्येकाला सहसा वडिलांकडचे आणि आईकडचे अशी दोन आडनावे असतात. आडनाव पहिले असणारे किती, दुसरे असणारे किती आणि दोन्ही तेच असणारे किती, हे आकडे ही सेवा वेगवेगळे देते, ही तिची मला सर्वांत आवडलेली बाजू. प्रांतवार माहिती पाहताना मात्र दर हजारी प्रमाणाकडे लक्ष द्यावे, कारण माद्रिदसारख्या मोठ्या प्रांतात केवळ लोकसंख्येमुळेही आकडा फुगतो.

मोठी उणीव अशी की एचेव्हेरिया, एचेव्हारिया, चाव्हारिया आणि ‘च’साठी ‘टीएक्स’ लिहिणारे आधुनिक बास्क रूप ही एकाच मुळाची रूपे येथे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. वीसपेक्षा कमी व्यक्तींची आडनावे दाखवली जात नाहीत, हे खासगीपणासाठी योग्यच आहे. स्पेनबाहेरचा प्रसारही येथे सापडणार नाही: अर्जेंटिनाचे कवी एस्तेबान एचेव्हेरिया (1805–1851) किंवा 1970 ते 1976 या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष असलेले लुईस एचेव्हेरिया यांच्या देशांतील कुटुंबे या नकाशात नाहीत. 1542 मध्ये गोव्यात आलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे ‘झेवियर’ हे नावही उत्तर स्पेनमधील नाव्हारा प्रांतातल्या त्यांच्या जन्मस्थानाचे, म्हणजे याच ‘नव्या घरा’चे रूप, ते तर पुढे जगभर व्यक्तिनाम झाले.

बास्क भाषेच्या अकादमीच्या नामकोशात आधी सर्व रूपे पाहून मग या नकाशाकडे वळल्यास शोध बराच नेमका होतो. माझ्याकडून पाचपैकी चार गुण.