लेकीच्या म्युनिकच्या खोलीपायी गेलेले २,४४,७११ रुपये

आकडा आधी सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो मन मानेल तसा फिरतो आहे. खोलीच्या खोट्या जाहिरातीला फसून दोन वेळा मिळून २,४४,७११ रुपये गेले. पहिल्यांदा १,७७० युरो, दर १०२.३५, बँकेचा आकार आणि जीएसटी धरून १,८२,५९३ रुपये. दुसऱ्यांदा ५९० युरो, दर १०३.१०, तसेच सगळं धरून ६२,११८ रुपये. नंतर पैसे परत मागवायचा अर्ज केला, त्याचे बँकेने वर ५९० रुपये कापले. ते मी यात धरलेले नाहीत, ते वेगळ्या खात्यावर मांडले आहेत. रागाच्या.

"अहो, आजकाल असं कोण फसतं?" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की हा घोटाळा कसा चालतो ते मलाही माहीत होतं. मालक परगावी, फोटो झकास, भाडं स्वस्त, किल्ली कुरिअरने. सोसायटीच्या ग्रुपवर सावधगिरीचे मेसेज टाकणारा माणूस मीच. माझी उभी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. तेव्हा मला भोळा ठरवून मोकळं होऊ नका. घाई कशी लावली जाते ते समजून घ्या.

लेकीने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचे कोर्स केले, म्युनिकला एमएससाठी प्रवेश मिळाला. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात मिळतात आणि खाणं, विमा, राहणं सगळं त्यातच. म्युनिकमध्ये साधी एक खोली घ्यायची तरी त्यातला मोठा भाग जातो. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी काही सेमिस्टरांची. आणि तिथला नियम असा, की राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो नसला की पुढची राहण्याच्या परवान्याची कामं अडतात. म्हणजे पोरगी परक्या देशात नुसती बिनघराची नाही, कागदोपत्री बेपत्ता. ठगांना हे आपल्यापेक्षा चांगलं पाठ आहे. जाहिरातीत पहिल्याच ओळीत होतं: पत्तानोंदणीचा कागद मिळेल.

भाडं ५९० युरो. तीनशे असतं तर मीच हाकलून लावलं असतं. ५९० हा आकडा कमी वाटतो पण अशक्य वाटत नाही, आणि ९९२मध्ये बसतो. (माझा संशय असा की तो ९९२मध्ये बसावा म्हणूनच काढलेला होता.) मालकीणबाई डॉक्टर, वर्षभरासाठी स्पेनमध्ये. बाईंनी आम्हालाच उलट प्रश्न विचारले: मुलगी सिगारेट ओढते का, पाहुणे येणार का, आईवडील काय करतात. मला बरं वाटलं, चौकशी करणारी घरमालकीण म्हणजे सदाशिव पेठेतली वाटली. करार जर्मनमधून आला, लेकीने ओळ न् ओळ वाचला, एक चूक नाही. सोबत पासपोर्टची प्रत. आता कळतं की तो पासपोर्ट कुणा भलत्याच बाईचा, तीही कधीतरी अशीच फसून आपले कागद कुणाला तरी पाठवून बसली असेल. ओळखपत्राची प्रत हा पुरावा नव्हे. आणि आपलीही कुणाला पाठवू नका! लेकीच्या पासपोर्टची प्रत त्या लोकांकडे आहे, त्यावर आता कुणाला फसवत असतील ते देव जाणे.

आता तो क्षण.

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅन, करार, सगळं घेऊन बसलो होतो. काउंटरवरचा मुलगा खाते क्रमांक टाइप करत होता आणि मध्येच थांबला. म्हणाला, "काका, तुम्ही कंट्री जर्मनी लिहिलंय, इथे लिथुआनिया येतंय." स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्रमांकाची पहिली दोन अक्षरं एल आणि टी. युरोपातल्या खाते क्रमांकाच्या पहिल्या दोन अक्षरांत देश असतो. जर्मनीचा असेल तर डीई, आणि लांबी २२. हा २० अक्षरी होता. डॉक्टरीण जर्मन, घर म्युनिकमध्ये, नोकरी स्पेनमध्ये, आणि पैसे लिथुआनियात. तीन देश झाले, त्यातला एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता.

मी तिथूनच लेकीला फोन केला. तिने बाईंना विचारलं, दोन मिनिटांत उत्तर आलं: युरोपभर एकच व्यवस्था आहे, माझं खातं मोबाइल बँकेचं आहे, बऱ्याच जणांचं तसंच असतं. आणि हे खरं आहे! लिथुआनियात परवाना घेतलेल्या मोबाइल बँका आहेत, जर्मनीतले लोक ती खाती वापरतात, हे मी नंतरही तपासलं. खोटं खपवायला खऱ्याचं वेष्टन लागतं ते असं. मी मुलाला विचारलं, "चालेल ना?" तो म्हणाला, "चालेल काका, फक्त फॉर्मवर कंट्री बदला आणि इनिशियल करा." मी जर्मनीवर काट मारली, लिथुआनिया लिहिलं, बाजूला सही केली. त्या खाडाखोडीची प्रत माझ्याकडे आहे. गेले कित्येक दिवस मी ती काढून बघतो.

आता मला सांगा, त्या मुलाला दिसलं होतं की नाही? त्याला विसंगती दिसली म्हणून तर तो थांबला. पण त्याच्या लेखी ती फॉर्ममधली चूक होती, म्हणून त्याने फॉर्म दुरुस्त करून घेतला. ह्याच बँकेत म्हाताऱ्या बाईंना स्वतःची मुदत ठेव मोडायची तर दहा प्रश्न विचारतात. देशाबाहेर पावणेदोन लाखांवर रक्कम जाताना "भाड्याचं आहे का? घर कुणी पाहिलंय का?" एवढं एक वाक्य जड झालं. खाते क्रमांकाच्या देशाशी घराचा देश जुळत नसेल तर उठून घरी या, मग समोरचा कितीही गोड समजूत घालो.

दुसरा हप्ता कसा गेला तेही ऐका. बाईंचा निरोप आला की मुलीचा जर्मनीत पतइतिहास नाही, त्यामुळे घराच्या विम्यासाठी अनामत दोनाऐवजी तीन महिन्यांची लागेल. मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. जर्मन कायदा काढून पाहिला. नागरी संहितेचं कलम ५५१: अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. बसलं! कायद्यात आहे, म्हणजे बाई कायद्याने चालतेय. त्याच कलमात पुढे लिहिलंय की भाडेकरू ती रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देऊ शकतो आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना देय होतो. म्हणजे किल्ली हातात येण्याआधी पूर्ण अनामत मागणं हेच मुळात वाकडं. मी पहिलं पोटकलम वाचून थांबलो आणि ६२,११८ रुपये गेले. अनामतीची घाई करणारा दिसला की हे कलम त्याच्या तोंडावर फेका. खरा मालक असेल तर तो गप्प बसेल, ठग असेल तर "दुसरा भाडेकरू तयार आहे" म्हणेल.

लेक २७ सप्टेंबरला उतरली. पत्त्यावर इमारत होती, अगदी फोटोतलीच. तिथे दारावरच्या बेलपाट्यांवर भाडेकरूंची नावं असतात. तिने व्हिडिओ कॉल लावून एकेक पाटी मला दाखवली, वरपासून खालपर्यंत. बाईंचं नाव नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं आणि तिला सांगितलं की अशी बॅग घेऊन आलेली ती पहिली नाही. त्यात ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मेळा चालू, २० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर, गावात खाट मिळेना. प्रवाशांच्या हॉस्टेलात आठ जणांच्या खोलीतल्या एका खाटेला रात्रीचे ११८ युरो मोजले. शेवटी एका नागपूरच्या मुलीने तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून दिली. अनोळखी मुलगी. हीच ओळख महिनाभर आधी काढली असती तर ती जाऊन बेलपाट्या वाचून आली असती. तुमच्या ओळखीचं जर्मनीत कुणी नसेल असं होत नाही, पुण्यातून गेलेलं कुणीतरी निघतंच. लाज न बाळगता त्याला पाठवा, आणि नुसती इमारत नको, आतली खोली बघायला सांगा.

आता आपली यंत्रणा.

१९३०वर, म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तिकडून सरळ सांगितलं की देशातल्या खात्यांत पैसे फिरत असतील तर लगेच कळवल्यावर थांबवता येतात, हे स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, देशाबाहेर गेलेले, आणि गेलेही महिन्यापूर्वी. पटलं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, क्रमांक आला. तो क्रमांक घेऊन आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो. "काका, जर्मनीचं मॅटर आहे हे. तिकडे कम्प्लेंट करा." लेक म्युनिकमध्ये चौकीत गेली. तिथे सांगितलं, तक्रार लिहून घेतो, पण पैसे भारतातून लिथुआनियात गेले, जर्मनीतून काही गेलंच नाही, तेव्हा तपास भारताने करायला हवा. कागद मात्र दिला, शिक्क्यासह. तो छापून मी पुन्हा ठाण्यात. तेव्हा उत्तर आलं की बँकेची शाखा दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर "तुम्ही राहता कुठे? मग तिथेच नोंदवा."

मी घरी बसून वाचून गेलो होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २०२: इलेक्ट्रॉनिक संदेशाद्वारे फसवणूक झाली असेल तर ते संदेश जिथून गेले किंवा जिथे पोचले, त्या हद्दीतल्या न्यायालयापुढे प्रकरण चालवता येतं. संदेश माझ्या मोबाइलवर माझ्या घरी पोचले. आणि कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, झीरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे सगळं मी शांतपणे, कागद पुढे ठेवून सांगितलं. साहेब म्हणाले, "काका, कलमं आम्हालाही येतात." मग चहा मागवला. त्यांच्यासाठी. शेवटी अर्ज घेतला, अर्ज म्हणून. एफआयआर म्हणून नाही. तुमच्यावर वेळ आली तर "अर्ज दिला" यावर समाधान मानू नका, आवकची पोच शिक्क्यासह घ्या आणि गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर तेच लेखी पोलीस अधीक्षकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला टपालाने पाठवा, त्याच कलमात तशी सोय आहे.

बँकेची तऱ्हा वेगळी. प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला ३६ अक्षरांचा एक माग काढायचा क्रमांक असतो, यूईटीआर म्हणतात, आणि पाठवणीच्या संदेशाचा कागद असतो (तेव्हा त्याला एमटी १०३ म्हणत). हे दोन्ही कागद, पैसे पाठवले त्याच दिवशी मागून घ्या. मी मागितले तर शाखेतल्या बाई म्हणाल्या, "असं काही आम्ही देत नाही." वरिष्ठांना मेल केल्यावर संध्याकाळी तेच पीडीएफ आलं. परत मागवायच्या संदेशावर लिथुआनियाच्या बँकेने कळवलं, खातेदाराची संमती मिळाली नाही. चोराने संमती दिली नाही म्हणे!

रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक दाखवलं, ग्राहकाची जबाबदारी मर्यादित असल्याचं. ते अनधिकृत व्यवहारांसाठी होतं; माझा व्यवहार अधिकृत, कारण सही माझी. शिवाय त्या खाडाखोडीवरही माझीच सही, हे व्यवस्थापकांनी बोट ठेवून दाखवलं. युरो चलनाच्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५पासून युरो पाठवताना नाव आणि खातं जुळतं का हे बँकेला आधी दाखवावं लागतं. भारतातून जाणाऱ्या पैशाला ती तपासणी नाही. म्हणजे करारातलं नाव आणि खात्याचं नाव वेगळं असलं तरी इथल्या कुणाला कळणार नाही.

मी गप्प बसलेलो नाही. बँकेकडे लेखी तक्रार केली, तीस दिवस थांबलो, आलेलं उत्तर म्हणजे माझ्याच पत्राची मांडणी बदललेली प्रत. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो, तिथे निकाल यायचा आहे. तोही विरोधात गेला तर ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने मी राहतो तिथेच, पुण्यात, दावा दाखल करता येतो आणि वस्तू-सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत याच गावात सुरू केली. वकील मित्र म्हणतो, जिंकण्याची शक्यता कमी. असू दे. देश जुळत नाही हे दिसल्यावर ग्राहकाला सावध करायचं की फॉर्म दुरुस्त करून घ्यायचा, हे मला कुणीतरी लेखी सांगावं.

जाता जाता: परवा लेकीला तीच जाहिरात पुन्हा दिसली. तेच फोटो, खिडकीजवळ पिवळी खुर्ची, भिंतीला टेकवलेली सायकल. शहर आता हॅम्बुर्ग, भाडं ५६० युरो, मालक इंजिनिअर, मुक्काम ओस्लोला. तिने वेबसाइटला कळवलं, मी स्क्रीनशॉट आमच्या तक्रारीला जोडायला गेलो. ठाण्यातून उत्तर मिळालं की हॅम्बुर्ग हे वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी नवीन अर्ज करा.