मुलींच्या नाचासाठी शिवलेली नऊवारी: घेताना काय बघावं

स्पर्धेला परगावी जायचं तर शिवलेली नऊवारीच बरी. सव्वाआठ मीटर साडी ग्रीनरूमच्या गर्दीत आठ-दहा मुलींना नेसवायला वेळ कुठून आणणार? ही सलवारीसारखी चढवायची, नाडी आवळायची, पदर खांद्यावर टाचायचा. पाच मिनिटांत मुलगी तयार.

कमजोर जागा एकच, पण मोठी: आसनाची, म्हणजे दोन पायांमधली, शिवण. लावणीत बैठक घेतली की सगळा ताण तिथेच येतो आणि एकेरी टीप उसवते. साडी उलटी करून बघा. टीप दुहेरी हवी आणि आत चौकोनी तुकडा जोडलेला हवा. नुसतं इलॅस्टिक नको, उड्यांमध्ये कंबर खाली सरकते. नाडी ओवून घ्या. लांबी घोट्याच्या दोन बोटं वर, नाहीतर काठ घुंगरात अडकतो. मुलीला घालून उकिडवं बसवल्याशिवाय पैसे देऊच नका.

जरीचा काठ मांडीला फार टोचतो, आतून सुती लेगिंग घाला. प्रवासात निऱ्या दोऱ्याने सैल बांधून साडी गुंडाळा. घडी घातली की त्या मोडतात. सोबत सुई, साडीच्या रंगाचा दोरा आणि डझनभर सेफ्टी पिना.