डोनेशनचा क्यूआर कोड बदलला आणि कोणाला पत्ताच नाही

ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी क्रिप्टोमधे डोनेशन घेत असाल तर हे वाचाच. आमचं एक छोटं टूल आहे, जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमधे करून देणारं, प्रेसवाले आणि दिवाळी अंकवाले वापरतात. फुकट आहे, पण सर्व्हरचा खर्च तरी निघावा म्हणून रीडमीमधे (प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर) यूपीआय दिला होता आणि परदेशी लोकांना तो चालत नाही म्हणून त्याखाली इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवरचा ॲड्रेस, म्हणजे खाते क्रमांकासारखा, आणि त्याचा क्यूआर.

मग एक नवीन कॉन्ट्रिब्युटर आला. आधी ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या पाठवल्या, त्याही बरोबर, मग रफाराचा एक जुना बग सोडवला जो आमच्या मागे कधीचा लागला होता. आम्ही खूश. मग त्याची पुल रिक्वेस्ट (माझे बदल घ्या अशी विनंती) आली, इमेजेस कॉम्प्रेस केल्यात, रीडमी पटकन लोड होईल. त्यात सगळे स्क्रीनशॉट, लोगो आणि मधेच क्यूआरची पीएनजी. लिहिलेल्या ॲड्रेसला हात लावला नव्हता, तीच तर मेख. कोडमधे एक अक्षर बदललं तरी जुनं लाल, नवं हिरवं दिसतं, पण दोन क्यूआर शेजारी शेजारी ठेवले तरी माणसाच्या डोळ्याला काय कळणार? टीममधल्या एकाने साइज कमी झालीय बघून मर्ज केलं, म्हणजे बदल घेऊन टाकले.

नेदरलँड्समधल्या एका काकांचा मेल आला, पैसे पाठवलेत रे, पोचले का? सोबत ट्रान्झॅक्शन हॅश, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन साइटवर सक्सेस, आमच्या वॉलेटमधे (क्रिप्टो ठेवायच्या ॲपमधे) ठणठणाट. काका म्हणाले मी ॲड्रेस ताडून बघितला होता, आणि खरंच बघितला होता! वॉलेटच्या स्क्रीनवर ॲड्रेसच्या सुरुवातीच्या झिरो एक्सनंतरची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं दिसतात, मधे टिंबं, आणि ती आठही अक्षरं आमच्या ॲड्रेसशी जुळत होती. चोराने तसा ॲड्रेस मुद्दाम शोधून काढला होता. आठ अक्षरं जुळवायला सरासरी ४३० कोटी ॲड्रेस बनवून बघावे लागतात, आकडा ऐकून घाम फुटतो पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते किरकोळ काम आहे. पूर्ण ॲड्रेस ४० अक्षरांचा, मधली ३२ कोण बघतंय. सप्टेंबर २०२५ मधे एनपीएम या जावास्क्रिप्ट कोडच्या भांडारातल्या चॉक, डीबग वगैरे पॅकेजेसमधे मालवेअर घुसवलं होतं ना, तेही ब्राउझरमधे खऱ्या ॲड्रेसच्या जागी दिसायला जवळचा ॲड्रेस टाकायचं, म्हणजे ही युक्ती चांगली मुरलेली आहे.

आणि आम्हाला आधी का नाही कळलं, तर ते वॉलेट आम्ही उघडायचोच कमी. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स, विकताना १ टक्का टीडीएस, सीएची कटकट वेगळी, म्हणून पडू दे तिथेच असं चाललेलं. चोराचा ॲड्रेस बघितला तर आणखीही लोकांचे पैसे आलेले दिसले, त्यातले आमचे कोणते आणि दुसऱ्या प्रोजेक्टचे कोणते देव जाणे. यूएसडीटी (एका कंपनीने काढलेलं, डॉलरशी बांधलेलं नाणं) असतं तर कंपनी ॲड्रेस गोठवू तरी शकते, हे इथर म्हणजे इथेरियमचं स्वतःचं नाणं होतं, त्यामागे कंपनीच नाही, कोणाला सांगणार. पोलिसांत तक्रार दिली, पण पैसे गेलेला माणूस परदेशात, घेणारा अज्ञात आणि मधे बँकच नाही.

वर हे सोशल मीडियावर टाकल्याबरोबर 'ब्लॉकचेन फॉरेन्सिक एक्स्पर्ट' मेसेज करायला लागले, पैसे परत मिळवून देतो, आधी फक्त फी भरा. हे त्याच पंगतीतले, ब्लॉक करा. झालेला व्यवहार कोणीही उलटा फिरवू शकत नाही.

आता आम्ही क्यूआरची इमेज रेपोमधे (प्रोजेक्टच्या फाइल्स ठेवतात तिथे) ठेवतच नाही, बिल्ड होताना, म्हणजे फाइल्स तयार होताना, स्क्रिप्ट लिहिलेल्या ॲड्रेसवरून ती बनवते. ॲड्रेसच्या फाइलला कोड ओनर्स, म्हणजे मंजुरी देणारी ठरलेली माणसं, लावलेत, दोघांनी ओके दिल्याशिवाय मर्ज होत नाही. तुमच्या रीडमीमधला क्यूआर आत्ताच मोबाइलने स्कॅन करा आणि चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळवा, तेही रेपोमधल्या ॲड्रेसशी नाही, थेट वॉलेटमधल्या ॲड्रेसशी. त्या माणसाचं खातं गिटहबला रिपोर्ट केलंय, पण तसल्याच 'इमेज कॉम्प्रेस'च्या रिक्वेस्ट त्याने दुसरीकडेही टाकल्या होत्या आणि काही मर्ज झालेल्या दिसतायत.