पऱ्हाटीचा मनोरा आणि शिष्यवृत्तीची खिडकी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या महाविद्यालयाने यंदा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी शहरातील एका संस्थेला दिवसभराचे सांघिक खेळ घेण्याकरिता बोलावले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये 'दीक्षारंभ' ही नवागतांच्या परिचय-कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली, तेव्हापासून हा कार्यक्रम आम्हीही करतो. मात्र दोन तासांची भाषणे, एकेक गुलाबपुष्प आणि चहा एवढ्यावर तो आजवर आटोपत असे. समन्वयक या नात्याने संस्थेचे बिल माझ्याच सहीने मंजूर झाले, त्यामुळे त्या पैशांत काय मिळाले हे इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना सांगणे मला आवश्यक वाटते.

संस्थेचे चार प्रशिक्षक वेळेवर आले, साहित्य चोख होते आणि त्यांचा उत्साह दिवसभर टिकून राहिला. सूचना मात्र हिंदी आणि इंग्रजीच्या मिश्रणात दिल्या गेल्या. वऱ्हाडी बोलणारी मुले पहिला अर्धा तास एकमेकांची तोंडे पाहत होती, आणि शेवटी आमच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना दुभाष्याचे काम करावे लागले.

पहिला मोठा खेळ मनोऱ्याचा होता. अनेक देशांत खेळल्या जाणाऱ्या या खेळात प्रत्येक गटाला स्पॅगेटीच्या 20 कच्च्या काड्या, सुमारे मीटरभर चिकटपट्टी, तेवढीच दोरी आणि मार्शमॅलो नावाची एक मऊ मिठाई देतात. 18 मिनिटांत उभा राहील तेवढ्या उंच मनोऱ्याच्या टोकावर ती मिठाई ठेवायची असते. मिठाई हलकी दिसते, पण त्या काड्यांना ती जड जाते. म्हणूनच जे गट आधी सगळा आराखडा आखून शेवटच्या मिनिटाला ती वर ठेवतात त्यांचा मनोरा बहुधा कोसळतो, आणि जे सुरुवातीपासून ती ठेवून पाहत जातात त्यांचा टिकतो. खेळामागचा विचार उत्तम आहे, यात शंका नाही. आमच्या मुलांनी मात्र ती मिठाई उभ्या आयुष्यात पाहिलेली नव्हती. "सर, ह्या शेवया खाच्या हायेत का लावाच्या?" असा प्रश्न एका मुलीने विचारला तेव्हा सभागृह हसले, पण प्रश्न रास्त होता. पावसाळी दमट हवेत मिठाई हाताला चिकटू लागली, काड्या मोडत राहिल्या आणि मुलांचे निम्मे लक्ष वस्तूंच्या नवलाईतच गेले.

दुपारी आमच्या शिपायांच्या सूचनेवरून हाच खेळ पऱ्हाटी (कापसाच्या झाडाच्या वाळलेल्या काड्या), सुतळी आणि टोकावर एक लिंबू अशा साहित्यावर पुन्हा घेतला, तेव्हा चित्र पालटले. कोणती काडी वाकेल आणि कोणती मोडेल हे शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांना ठाऊक होते. सकाळी मान खाली घालून बसलेली दोन मुले आता गटाला आज्ञा देऊ लागली होती. प्रशिक्षकांनी हा बदल मोकळेपणाने स्वीकारला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

हात गुंफून गाठ बांधायची आणि हात न सोडता ती सोडवायची, हा खेळ मुला-मुलींच्या एकत्रित गटांत घेण्याचा आग्रह मला अनाठायी वाटला. पहिल्याच दिवशी अनोळखी मुलाचा हात धरण्यास अनेक मुली तयार नव्हत्या, आणि त्या संकोचाला 'मागासलेपणा' समजणे प्रशिक्षकांना शोभले नाही. विश्वासाचाच धडा द्यायचा असेल तर खो-खोमध्ये तो नियमातच आहे: आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, धावणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही की दिशा बदलता येत नाही, त्यामुळे पाठीमागून खो मिळाल्याशिवाय संघाचे काहीच चालत नाही. आमचे काळ्या मातीचे मैदान त्या दिवशी चिखलाने भरले होते हे खरे, पण सभागृहात निदान लंगडी तरी घेता आली असती.

माझा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. हरलेल्या गटाने सर्वांसमोर नाचून दाखवायचे, अशी 'गमतीची शिक्षा' संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत होती. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात, विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही अशी कृती त्याला करायला सांगणे हेही रॅगिंगच्या व्याख्येत येते. गटांचे नेतृत्व वरच्या वर्गातील मुलांकडे असताना अशी शिक्षा खपवून घेणे म्हणजे आपणच त्या वाटेवर दिवा धरणे होय. मी ती जागीच थांबवली. इतरांनी संस्थेशी बोलतानाच हे लेखी स्पष्ट करून घ्यावे.

दिवसाचे सार्थक केले ते शेवटच्या खेळाने. महाविद्यालयाच्या आवारातील शोधमोहिमेत प्रत्येक गटाला आठ ठिकाणे गाठून तेथून एकेक उत्तर आणायचे होते: ग्रंथालयातून एका वेळी किती पुस्तके मिळतात, बोनाफाईड कोणाकडे मागायचे, एस.टी.च्या पासच्या अर्जावर शिक्का कोण मारतो, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय) कोणत्या शाखेतून घ्यायचे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) आणि श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेब पालकांना तर सोडाच, आम्हा प्राध्यापकांनाही सहज सांगता येत नाही. तो भाषणातून ऐकण्यापेक्षा खिडकीपाशी उभे राहून विचारताना मुलांच्या अधिक ध्यानात राहिला. शिवाय कार्यालयात बोलण्याची भीती पहिल्याच दिवशी मोडली.

गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केली होती, ती मात्र पुढे टिकली नाही. आठवड्याभरात मुले आपापल्या एस.टी.च्या मार्गाप्रमाणे पुन्हा एकत्र आली, कारण चार वाजताची गाडी चुकली तर सहापर्यंत फलाटावर सोबत बसायचे ते त्यांच्याबरोबरच. निम्मा गट एकाच मार्गावरचा आणि निम्मा इतरांचा, अशी रचना संस्थेने केली असती तर बरे झाले असते. पुढील वर्षी आम्ही त्यांना केवळ शोधमोहिमेसाठी अर्धा दिवस बोलावणार आहोत, आणि सूचना मराठीतूनच दिल्या जातील अशी अट घालणार आहोत.

शिष्यवृत्तीच्या खिडकीतील बाबूंवर त्या दुपारी एकच प्रश्न इतक्या वेळा आला, की वैतागून त्यांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते अशी यादी खडूने फळ्यावर लिहून तो बाहेर टांगला. तो फळा अजून तेथेच आहे.