कागद सगळे खरे होते

आमच्या जमिनीवर ती पाटी दिसली तेव्हा मला तिथल्या भाषेतले जेमतेम तीसेक शब्द येत होते. त्यातलाच एक नेमका पाटीवर होता, 'दिजुआल'. म्हणजे विकणे आहे. खाली फोन नंबर होता, तो आमचा नव्हता.

जमीन इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, लोव्हिनाजवळ. पाच आर, म्हणजे पाचशे चौरस मीटर. तिथे जमीन आरमध्येच मोजतात, आपल्या सातबाऱ्यासारखी. हे आम्हाला पहिल्यांदा ज्याने सांगितलं त्यानेच आम्हाला बुडवलं, म्हणून ही बारीकसारीक गोष्टही लक्षात राहिली आहे. तो मराठी बोलणारा. बरीच वर्षं तिकडे राहिलेला. नवऱ्याला दादा, मला वहिनी. आमच्या सासूबाईंना वाकून नमस्कार करणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण आमच्या एकाही कागदावर त्याचं नाव नाही.

नवरा २०२१मध्ये निवृत्त होणार होता. आम्ही दोघं, सासूबाई, आणि दोन वर्षांनी दीर-जाऊ, असं सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं होतं. जावेची एकच शंका होती. विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला, मोठी रुग्णालयं तिकडेच, देनपसार शहरात, आणि लोव्हिनाहून डोंगर ओलांडून तिथे पोचायला अडीच-तीन तास. रात्री सासूबाईंच्या छातीत दुखलं तर? प्रश्न अगदी रास्त होता, पण आम्ही तिला नकारघंटा ठरवून गप्प केलं. समुद्र, निवांतपणा आणि दक्षिणेपेक्षा पुष्कळ स्वस्त जमीन, यापुढे तिचं कोण ऐकणार?

परदेशात फसवणूक होते हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. उलट आम्ही जरा जास्तच सावध होतो. नवऱ्याने आयुष्यभर हिशेब तपासले आहेत. त्याने जमिनीचं सर्टिफिकेट मूळ प्रतीत पाहिलं, जमीन नोंदणी कार्यालयात त्याची पडताळणी करून घेतली, जमिनीवर कर्ज किंवा बोजा नाही याची खात्री केली. नोटरी परवानाधारक आहे का, तेही पाहिलं. एवढंच काय, जमीन हरित पट्ट्यात तर नाही ना, तिथे घर बांधता येतं ना, हेही विचारून झालं. तो मराठी माणूस या प्रत्येक ठिकाणी आमच्याबरोबर हौसेने हिंडला. "दादा, तपासा, अजून तपासा," म्हणायचा. ज्याला लपवायचं असतं तो असं म्हणेल का, असं आम्हाला वाटायचं. आज कळतं, त्याला काही लपवायची गरजच नव्हती. सगळं खरं होतं. फक्त ते आमचं होऊ शकत नव्हतं.

इंडोनेशियात जमिनीच्या पूर्ण मालकीला 'हाक मिलिक' म्हणतात. त्याने ते आम्हाला किती गोड करून सांगितलं! "हाक म्हणजे आपला हक्क, आणि मिलिक म्हणजे मालकी. शब्दसुद्धा आपलेच आहेत, वहिनी." शब्दांचं खरंच होतं, दोन्हीकडे ते अरबीतून आलेत. पण १९६०च्या जमीन कायद्याप्रमाणे हाक मिलिक फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाला नाही, मग त्याच्याकडे कितीही पैसा असो. हे त्याने लपवलं नाही. सर्टिफिकेटवर नाव एका स्थानिक माणसाचं राहील, बाकी सगळं तुमचं, इथे सगळे परदेशी असंच करतात, असं तो सांगायचा. 'सगळे असंच करतात' हे बरंचसं खरंही आहे. म्हणूनच त्या वाक्याची भूल पडते.

तो नावाचा मालक पन्नाशीचा, शांत गृहस्थ होता. आम्ही त्याला तिथल्या रीतीने मानाने 'पाक' म्हणायचो. त्याला नाव वापरू दिल्याबद्दल थोडी रक्कम मिळाली. नोटरीच्या ऑफिसात पंखा करकरत होता आणि एकामागून एक चार कागद समोर आले. पहिल्यात पाकने आमच्याकडून जमिनीच्या किमतीएवढं कर्ज घेतलं होतं. दुसऱ्यात जमीन दीर्घ मुदतीने आम्हाला भाड्याने दिली होती. तिसऱ्यात ती विकण्याचे सगळे अधिकार आम्हाला दिले होते, आणि तेही कधीही मागे न घेता येणारे. चौथ्यात पाकने कबूल केलं होतं की पैसा आमचा आहे आणि तो फक्त नावापुरता मालक आहे. नोटरी प्रत्येक कागद इंडोनेशियन भाषेत मोठ्याने वाचायचे. पंधरा मिनिटं वाचन झालं की आमचा दुभाषा, म्हणजे तोच मराठी माणूस, एका वाक्यात उरकायचा, "हे नेहमीचंच कलम आहे, वहिनी." मी त्या पंधरा मिनिटांचा आणि त्या एका वाक्याचा हिशेब तेव्हाच मांडायला हवा होता.

आरला १८ कोटी रुपिया, म्हणजे पाच आरचे ९० कोटी. त्या चलनात शून्यं इतकी असतात की आपण एका दिवसात कोट्यधीश होतो आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं देऊन टाकतो. निम्मे पैसे दिराचे होते. दलाली वेगळी, रोख, पावती नाही.

मग करोना आला, सीमा बंद झाल्या, नवरा घरातच निवृत्त झाला. २०२२मध्ये पाक वारले. हे आम्हाला कोणी कळवलं नाही. २०२३मध्ये आम्ही बांधकामाचं बोलायला गेलो तेव्हा ती पाटी पाहिली.

नंबर पाकच्या मुलाचा होता. तो उद्धट नव्हता, लबाडही वाटला नाही. वडिलांच्या नावावर जमीन, वडील गेले, तो वारस, त्याला बहिणीच्या संसारासाठी पैसे हवे होते. आमचे चार कागद त्याने पाहिले आणि विचारलं, "यातलं नक्की खरं काय? तुम्ही माझ्या वडिलांना कर्ज दिलं होतं, की जमीन भाड्याने घेतली होती, की विकत?" एवढा साधा प्रश्न आम्हाला चार वर्षांत सुचला नव्हता.

देनपसारमधल्या वकीलबाईंनी तोच प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला. त्यांनी १९६०च्या कायद्याचं २६वं कलम समोर ठेवलं. परदेशी माणसाकडे जमिनीची मालकी थेट किंवा आडमार्गाने नेणारा कोणताही व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा. आणि विकणाऱ्याला मिळालेले पैसे परत मागता येत नाहीत. मी ते शेवटचं वाक्य तीनदा भाषांतर करून घेतलं. मागे न घेता येणाऱ्या त्या अधिकारपत्राचं तर काही विचारूच नका. जमीन हस्तांतराचा असा आडमार्ग तिथे १९८२मध्येच सरकारी आदेशाने बंद झालेला आहे.

"कोर्टात गेलो तर?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही सिद्ध काय करणार? पैसा तुमचा होता, पाक नावापुरते होते, हेच ना? ते सिद्ध झालं की तुमचीच केस संपली."

या फसवणुकीची खरी कारागिरी इथे आहे. खोट्या कागदाने फसलेला माणूस निदान पोलिसांत जातो, ओरडतो. खऱ्या कागदांनी फसलेला तोंड उघडू शकत नाही, कारण गुन्ह्यात त्याचीही सही असते. आम्ही त्या मराठी माणसाला फोन केला. फोन त्याने उचलला, हे विशेष. "दादा, मी तर नुसता दुभाषा होतो," म्हणाला. कागदोपत्री तर तो तेवढाही नव्हता.

राहण्याच्या परवान्याचंही त्याने असंच गुळगुळीत सांगितलं होतं. ठरावीक वयापुढच्या माणसाला निवृत्तीचा परवाना मिळतो, तो वाढवून घेत राहायचा, आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन खर्च भागवायचा. त्या परवान्यावर काम करायला बंदी आहे. खोल्या भाड्याने देऊन कमावणं म्हणजे परवाना घालवायची तयारी.

मग परदेशी माणसाने तिथे करायचं काय? वकीलबाईंनी ते दहा मिनिटांत सांगितलं आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ते इतकं सोपं होतं. 'हाक सेवा', म्हणजे सरळ भाडेपट्टा, पंचवीस-तीस वर्षांचा. सासूबाई सोडा, आम्हा दोघांनाही तेवढा पुरला असता. त्यातही खाचाखोचा आहेत. जो भाड्याने देतोय तो मालक आहे की स्वतःच भाडेकरू, मालकाच्या बायकोची सही आहे का, आणि मुदतवाढीची किंमत कशी ठरणार हे आकड्यात लिहिलंय की 'तेव्हाच्या बाजारभावाने' एवढंच. ते शेवटचं असेल तर तीस वर्षांनी तुम्ही त्याच्या दारात उभे. तिथे राहण्याचा परवाना असेल तर 'हाक पाकाई' हा वापराचा हक्क स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. यातलं कशालाही दुसऱ्याचं नाव लागत नाही. पण यातल्या कशालाच 'मालकी' म्हणत नाहीत, आणि आम्हाला तो शब्द हवा होता. आमच्या हावेला त्याने फक्त कागद पुरवले.

आणि नोटरी स्वतःचा स्वतः शोधा, विकणाऱ्याने आणलेला नको. दुभाषाही पैसे देऊन वेगळा आणा, ज्याला व्यवहार झाला काय आणि मोडला काय, सारखंच. करार इंडोनेशियन भाषेत असणं तिथे कायद्याने लागतंच, पण शेजारी तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेतला मजकूर कलमाला कलम लावून घ्या. 'नेहमीचंच आहे' असं जो म्हणेल त्याला ते कलम पुन्हा वाचायला लावा.

पाकच्या मुलाशी वकीलबाईंनी बोलणी केली. जमीन विकल्यावर त्याने ९० कोटींतले ३० कोटी रुपिया दोन हप्त्यांत दिले. न देता तरी आम्ही काय करणार होतो? त्यातून वकिलांची फी वजा जाता उरलेलं सगळं दिराला दिलं. तो काही बोलला नाही. जाऊ मात्र एकदा म्हणाली, "मी दवाखान्याचं विचारलं होतं," आणि उठून आत गेली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शेजारच्या प्लॉटवर गेलो. तिथे एका परदेशी जोडप्याने घर बांधून बाग फुलवली होती. दलाल तोच, नोटरी तेच, फक्त नावाचा मालक दुसरा. आम्ही त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आत जाऊन एक जाड निळी फाइल आणली आणि मांडीवर ठेवून तिच्यावर हात ठेवला.

"आमचं तसं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळं तपासून घेतलंय. यातला एकही कागद खोटा नाही."