व्हिक्टोरियन खेडं बघायचंय: सिंगलटन, रेडिंग, ब्लिस्ट्स हिल की साउथवेल?

उन्हाळा लागला की आमच्याकडे हा प्रश्न हमखास येतो. कुणाचे तरी आईवडील तीन महिन्यांसाठी आलेले असतात, टॉवर ब्रिज आणि मेणाचे पुतळे बघून झालेले असतात, आणि मग फोन येतो: जुनं इंग्लिश खेडं कुठे बघायला मिळेल गं? लोहार, सुतार, चूल, शाळा, तसलं सगळं? आणि एकच रविवार मोकळा आहे.

म्हणून इंग्लंडातली चार संग्रहालयं समोरासमोर मांडते. चारही पाहिलेली आहेत, त्यातली तीन सासऱ्यांबरोबर. सासरे खटाव तालुक्यातले, बैलांचा नांगर धरलेले, त्यामुळे माझ्या मतात त्यांचं मत मिसळलेलं आहे हे आधीच सांगून टाकते.

व्हिक्टोरिया राणीचा काळ म्हणजे १८३७ ते १९०१. एवढ्या काळात खेडं एकसारखं कसं राहील? १८५१च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच गावांपेक्षा शहरांतली माणसं जास्त भरली. तरीही सगळ्यात जास्त हात शेतीतच होते, आणि ते बहुतेक दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. म्हणजे लोहार-सुतार बघून खेडं कळलं असं होत नाही. गावात लोहार एक असायचा, शेतमजूर पन्नास. कुठलं ठिकाण कुणाचं खेडं दाखवतं, हे मी आधी बघते. तिकीट आणि पार्किंग नंतर.

सिंगलटन

ससेक्समध्ये चिचेस्टरच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर सिंगलटन गाव आहे. तिथलं वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम म्हणजे आग्नेय इंग्लंडातून उचलून आणलेल्या पन्नासहून जास्त जुन्या इमारतींचं गाव. धरणाच्या पाण्यात जाणारी, रस्त्याच्या आड येणारी घरं लाकूड न् लाकूड सुटं करून उतरवली आणि इथे पुन्हा उभी केली. संस्था १९६७ची. 'द रिपेअर शॉप' ही बीबीसीची मालिका बघत असाल, तर तिचं कोठार इथलंच.

एक सावधगिरी: इथली सगळी घरं व्हिक्टोरियन नाहीत. बरीच त्याच्या तीनचारशे वर्षं आधीची आहेत, आणि दिसायला तीच देखणी, त्यामुळे पाय तिकडेच वळतात. दिवस हातचा जाऊ द्यायचा नसेल तर आधी व्हिटेकर कॉटेजेस गाठा. १८६०च्या दशकात सरेमधल्या ॲशटेडला रेल्वे रुळांना लागून बांधलेली ही जोडघरं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. एक घर मुद्दाम रिकामं ठेवलंय, म्हणजे भिंतीच्या आतला लाकडी सांगाडा दिसावा. दुसरं भरलेलं, काळ्या लोखंडी कोळशाच्या चुलीसकट. सासरे त्या चुलीसमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, "एवढ्याशा खोलीत स्वयंपाक, आंघोळी आणि धुणं वाळत घालणं. आपल्याकडे निदान अंगण तरी होतं."

मग साउथवॉटरहून आणलेली लोहारशाळा, वेस्ट विटरिंगची एका खोलीची शाळा, न्यूइकचं नळकारागिराचं दुकान आणि बीडिंगचं १८०७चं टोलनाक्याचं घर. टोलनाक्यावर दरांचा फलक आहे: घोड्याला इतके, गाडीला इतके, मेंढ्यांच्या कळपाला इतके. आपल्याकडचे टोलनाके आठवून हसू येतं. पाणचक्कीवर दळलेलं पीठ विकत मिळतं. मी त्याच्या पोळ्या करून पाहिल्या, जाडसर झाल्या, पण चव छान.

इथे काम चालू असताना दिसतं, हीच या जागेची खरी जमेची बाजू. थोराड घोडे औताला जुंपलेले असतात, चुलीवर काहीतरी शिजत असतं, आणि काम करणाऱ्या माणसाला थांबवून प्रश्न विचारता येतो. सासऱ्यांनी नांगरणाऱ्या बाईंना माझ्यामार्फत विचारलं की फाळ किती खोल घालता. पुढची वीस मिनिटं मी दुभाषी होते.

रेडिंग

म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ हे रेडिंग विद्यापीठाचं, १९५१ सालचं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रेडिंगपर्यंत रेल्वेनं अर्धा तास, प्रवेश फुकट, सगळं छपराखाली. पाऊस असेल किंवा कुणाचे गुडघे दुखत असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही, इथेच जा.

इमारत हंटली अँड पामर या बिस्किटवाल्या पामरांपैकी एकाच्या बंगल्याची. आत मात्र नांगर, विळे, दुधाच्या चरव्या, मजुरांचे भरतकाम केलेले जाड सुती झगे, आणि ओळीनं उभ्या असलेल्या शेतावरच्या गाड्या. दर परगण्याच्या गाडीची घडण वेगळी. ऑक्सफर्डशायरची गाडी पिवळी, खालचा भाग तांबडा, आणि चाकावर कमान घेतलेली. सासरे वाकून चाक बघायला लागले आणि एकदम म्हणाले, "अगं, ही तर आपली धाव!" धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी.

आणि खरंच तसंच आहे. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, एल्मचा, कारण त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात आणि लाकूड चिरत नाही. आरे ओकचे, करवतीनं न कापता रेषेच्या बाजूनं फोडून काढलेले. बाहेरचे पाटे ॲशचे, त्याला लवचिकपणा असतो म्हणून. मग लोहार चाकापेक्षा किंचित लहान धाव तयार करायचा, गोल जाळ करून ती लाल होईपर्यंत तापवायचा, दोघंतिघं सांडशीनं उचलून ती चाकावर बसवायचे, घणाचे ठोके घालायचे आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचे. लोखंड आकसलं की सगळे सांधे करकचून बसायचे. सासऱ्यांनी आपली रीत सांगितली: लाकूड बाभळीचं, बाकी सगळं हेच. फरक हिशेबाचा. आमच्या गावी सुताराला खळ्यावर बलुतं मिळायचं. इंग्लिश गावात काम मांडून ठेवायचे आणि पैसे अनेकदा वर्षानं हातात यायचे.

रेडिंगला जे आहे आणि दुसरीकडे पुसट होतं, ते म्हणजे बायकामुलांचं काम. गव्हाच्या काडाच्या वेण्या घालून टोप्यांसाठी विकणं हा बेडफर्डशायर, हार्टफर्डशायर भागातल्या बायकांचा धंदा होता. चारपाच वर्षांच्या पोरांनाही वेणीच्या 'शाळे'त बसवायचे, तिथे शिकणं कमी आणि विणणं जास्त. पुढे चीन-जपानहून स्वस्त वेण्या यायला लागल्या आणि धंदा बसला. बकिंगहॅमशायरकडे उशीवर टाचण्या रोवून लेस विणायच्या. पाखरं हाकायची लाकडी खुळखुळीही बघा. ती वाजवत सातआठ वर्षांचा पोरगा दिवसभर शेताची राखण करायचा. शाळेची सक्ती १८८०ला आली, आणि तीही दहाव्या वर्षापर्यंतच.

उणीव सरळ आहे: भट्टी पेटलेली नाही, वास नाही, आवाज नाही. ज्याला वस्तू वाचता येतात त्याला रेडिंग भरभरून देतं. सात वर्षांचं मूल अर्ध्या तासात कंटाळेल.

ब्लिस्ट्स हिल

श्रॉपशायरमध्ये टेलफर्डजवळ, १७७९च्या लोखंडी पुलापासून जवळच. १९७३ साली उघडलेलं, साधारण १९०० सालचं उभं केलेलं गाव. मुलांना घेऊन जायचं असेल तर चौघांत सगळ्यात मजेचं हेच. आत शिरल्यावर बँकेत जाऊन आजचे पाउंड देऊन जुने पैसे घ्यायचे: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड. मुलं गोंधळतात. सासऱ्यांना घेऊन गेले नव्हते, पण सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा तोंडपाठ असलेल्या माणसाला इथे फार मजा येईल.

पण हे खेडं नाही. पूर्ण नाव 'ब्लिस्ट्स हिल व्हिक्टोरियन टाउन', म्हणजे नावातच 'टाउन' आहे. ही कोळसा-लोखंडाची वस्ती, छापखाना, औषधाचं दुकान, मेणबत्त्यांचा कारखाना आणि ओतशाळा असलेली. शेतमजूर इथे शोधून सापडत नाही. अपवाद एक, लिटल डॉलीहून आणलेली मोकळ्या जागेवर बसलेल्या कुटुंबाची झोपडी. ती चुकवू नका. चकचकीत दुकानांनंतर तिथे आत शिरलं की आवाज खाली येतो.

जमीन उताराची आहे, आईवडिलांना चढताना त्रास होईल. आणि शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं: इथले फिश अँड चिप्स जुन्या पद्धतीनं गोमांसाच्या चरबीत तळतात, म्हणजे नुसते चिप्सही चालणार नाहीत.

साउथवेल

इथे जायला कुणी मागून घेत नाही. पण मजुराचं खेडं समजून घ्यायचं असेल तर नॉटिंगहॅमशायरमधलं हे वर्कहाउस, म्हणजे पोट भरता न येणाऱ्यांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणारं घर, बघायलाच हवं.

जेम्स केअर्ड नावाच्या माणसानं १८५०-५१मध्ये इंग्लंडभर फिरून शेतमजुरांची मजुरी टिपली. आठवड्याला सरासरी साडेनऊ शिलिंग. उत्तरेत साडेअकरा, दक्षिणेत आठ शिलिंग पाच पेन्स. उत्तरेत खाणी आणि गिरण्या माणसं ओढत होत्या म्हणून शेतकऱ्याला जास्त द्यावं लागत होतं. म्हणजे सिंगलटनच्या आसपासची ती सुंदर हिरवी दक्षिण हीच कमी मजुरीची. १८७२च्या फेब्रुवारीत वॉरिकशायरमधल्या वेल्सबर्नला शेतमजुरांचा पुढारी जोसेफ आर्च चेस्टनटच्या झाडाखाली उभा राहिला तेव्हा मजुरांची मागणी होती सोळा शिलिंग. अशा पैशात म्हातारपणासाठी काय उरणार? सुगीनंतर बायकामुलांनी सरवा वेचायचा, परसात बटाटे लावायचे, एखादं डुक्कर पोसायचं, आणि हात चालेनासे झाले की वर्कहाउस.

साउथवेलचं वर्कहाउस १८२४चं, म्हणजे राणीच्या आधीचं. जॉन बीचर या पाद्र्याच्या कल्पनेतलं. १८३४चा गरिबांचा कायदा झाला तेव्हा देशभर उभ्या राहिलेल्या वर्कहाउसांनी हाच कित्ता गिरवला. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मुलं वेगळी, आणि त्यातही 'निरुपाय' आणि 'आळशी' अशी वाटणी. नवराबायको एकाच इमारतीत, पण अंगणं वेगळी, जिनेही वेगळे. खोल्या बऱ्याचशा रिकाम्या ठेवल्यात. बघायला वस्तू फार नाहीत. नॅशनल ट्रस्टनं २००२मध्ये हे उघडलं. सासरे इथे फार बोलले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "मग भेटायचे कधी?"

तर मग?

गावाकडचे आईवडील असतील तर सिंगलटन. शेती केलेल्या माणसाला तिथे समोर कामं चालू दिसतात, आणि बोलायला माणसं मिळतात. डबा घेऊन जा, बसायला हिरवळ भरपूर आहे. जमीन ओबडधोबड आहे, चपला नकोत. गाडी नसेल तर चिचेस्टरपर्यंत रेल्वे आणि तिथून बस, पण रविवारचं बसचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा.

मुलं सात ते बाराची असतील तर ब्लिस्ट्स हिल, खेडं नाही हे धरून चालून. कथा-कादंबरी लिहिणारं कुणी असेल तर रेडिंग आणि साउथवेल. सिंगलटनला जाऊन तुम्ही सगळी पात्रं गुबगुबीत आणि आनंदी लिहाल अशी भीती वाटते. डरॅममधलं बीमिश पुष्कळ जण सुचवतात. ते भव्य आहे, पण बराचसा भाग राणीनंतरच्या काळाचा आहे, त्यामुळे या प्रश्नापुरतं ते बाजूला ठेवलं.

आणि दोन दिवस मिळाले तर शनिवारी रेडिंग, रविवारी सिंगलटन, याच क्रमानं. आदल्या दिवशी चाक नीट बघितलेलं असलं की दुसऱ्या दिवशी लोहारशाळेच्या दारातून पाय निघत नाही.