विश्लेषण की परिष्कार? तत्त्वज्ञानाच्या प्रबंधासाठी पद्धत निवडताना

‘ज्ञान म्हणजे काय?’, ‘जबाबदारी म्हणजे काय?’ अशा धाटणीचा विषय एम.ए.च्या प्रबंधाला घेतलात, तर पद्धत आधी ठरवा. विश्लेषण आणि परिष्कार या दोन्हींत व्याख्याच करायची असते, म्हणून गल्लत होते.

विश्लेषणात आपण रोज वापरतो त्याच संकल्पनेच्या आवश्यक आणि पर्याप्त अटी (म्हणजे ज्यांतली एक जरी नसली तरी संकल्पना लागू होत नाही, आणि सगळ्या असल्या की होतेच) शोधायच्या, मग ती व्याख्या मोडणारं उदाहरण शोधायचं. तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी १९६३ साली जेमतेम तीन पानांत ‘ज्ञान म्हणजे खरी आणि आधार असलेली समज’ या तीन अटींच्या व्याख्येबाबत हेच केलं. स्मिथची सबळ पुराव्यानिशी खात्री आहे की नोकरी जोन्सला मिळणार आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत. म्हणून तो मानतो, ‘नोकरी मिळणाऱ्याच्या खिशात दहा नाणी आहेत.’ नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात, त्याला ठाऊक नसताना, दहाच नाणी असतात. समज खरी, तिला आधारही आहे, तरी तिला ज्ञान म्हणवत नाही. न्यायदर्शन वाचलेल्यांना ही अतिव्याप्ती, म्हणजे व्याख्येत नको ते येणं, लगेच ओळखू येईल. नंतर अनेकांनी चौथी अट सुचवली, पण सर्वमान्य अशी एकही ठरली नाही. मला हे अपयश वाटत नाही. योगायोगाने खरं ठरणं म्हणजे जाणणं नव्हे, हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या पद्धतीने दिसलं असतं असं वाटत नाही.

परिष्काराची बाजू तत्त्वज्ञ रुडॉल्फ कार्नाप यांनी १९५० साली मांडली: ढोबळ संकल्पनेच्या जागी नेमकी संकल्पना आणा. ती जुनीशी मिळतीजुळती, काटेकोर, फलदायी आणि जमेल तितकी सोपी हवी. त्यांचंच उदाहरण माशाचं. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांना सरसकट मासा म्हणणं प्राणिशास्त्राने सोडलं, देवमासा वगळला, आणि नव्या संकल्पनेवर कितीतरी सामान्य नियम बांधता आले. यावर तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांचा आक्षेप असा की कोडं रोजच्या भाषेत पडलेलं असेल, तर शास्त्रीय संकल्पना आणून ते सुटत नाही, नुसता विषय बदलतो.

म्हणून क्षमा, विश्वासघात, ज्ञान यांसारख्या विषयांना विश्लेषणच घ्या. गरिबी किंवा बुद्धिमत्ता, म्हणजे जिथे मोजायचं किंवा धोरण ठरवायचं आहे, तिथे परिष्कार. मात्र तेव्हाही पहिलं प्रकरण विश्लेषणाला द्या, कारण जुनी संकल्पना नीट उलगडल्याशिवाय नवी तिच्याशी कितपत जुळते हे परीक्षकांना दाखवता येणार नाही.